नाळ कशानं कापली होती?

हिवरी, ता. सोयगाव
८ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. सायलीस आजीचा आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. आवडाबाई नाव. बुटकी, काळी, तोंडात तीन दात आणि जिभेला हाड नाही. काही आठवतंय का? नसंल आठवत तर जावईबापूंना विचार. लग्नात त्यांचा कान पिळायला तुझा भाऊ रामकिसन लाजला, तेव्हा मीच पिळला होता. त्यांना माझी आठवण तुझ्यापेक्षा बरी असंल.

दिवाळीपासून तुझं साधं कार्ड नाही. संक्रांतीला रामकिसनच्या हाती डबा पाठवलास. मी म्हणलं, पोरीला आठवण झाली. उघडला तर तिखट शेव! अगं, सारं जग तिळगूळ वाटतंय आणि तू आजीला शेव पाठवतेस? माझं आणि गोडाचं नातं तुझ्या आजोबांच्याही आधीचं आहे. ते विसरलीस ते विसरलीस, वर शेव चावायला तीन दात पुरतील असं वाटलं तुला. शेव कडुबानं खाल्ली. (चांगली होती, सायलीताई. – कडुबा)

गावाची हजामत करून वेळ उरला की कडुबा माझी पत्रं लिहितो. मी बोलते तेवढंच लिही म्हणते, तरी मधेच थांबून स्वतःचं काहीतरी खरडतो. मला वाचता येत नाही, पण पेनाचा आवाज कळतो.

फोटो मिळाला. आमचे हे झकास दिसतात. दोन वेण्या, दोन रिबिनी! (हे म्हणजे तुमचे आप्पासाहेब. आजीबाई मालकांचं नाव घेत नाहीत आणि तुम्ही पोराला नेमकं तेच ठेवलं. तेव्हा पत्रात 'हे' आले की पोरगं समजावं. – कडुबा) कडुबा फोटो बघून म्हणाला, "सायलीताईला पोरगी कवा झाली?" त्याला म्हणलं, वस्तरा तुझ्याच हातात आहे, पण डोंगरआईचं कुंड कोरडं आहे त्याला मी काय करू?

तर मुद्दा तो. ह्या साली बी जावळ व्हायचं नाही. कुंडात पाणी सोड, चिखल सुद्धा नाय. तुला सात वर्षं मूल नव्हतं तेव्हा मी डोंगरआईपुढं पदर पसरून बोलले होते, की पोर दे, त्याचं पहिलं जावळ तुझ्या कुंडाच्या पाण्यानं भिजवून तुझ्या पायाशी काढीन, तोवर त्याच्या अंगाला लोखंड लावणार नाही. पोर तिनं दिलं. पाणी द्यायचं विसरली. तीही तुझ्यासारखीच.

तुझा बाप रोजगार हमीच्या कामावर जातो. म्हैस विकली. बाकी ठीक. ह्यांच्या वेण्यांना खोबरेल लाव. आणि पुढच्या डब्यात काय पाठवायचं ते आता सांगायला लागू नये.

आवडाबाई (डाव्या अंगठ्याचा ठसा)

*

मुकुंदवाडी, औरंगाबाद
२६ फेब्रुवारी १९८७

आजीला सायलीचा साष्टांग नमस्कार.

शेवेचं चुकलं. दोन डबे भरले होते, एक तुला आणि एक तुझ्या जावईबापूंच्या, सोमनाथच्या मित्राला. तिळगूळ त्या मित्रानं खाल्ला आणि म्हणाला, वहिनी, तुमच्या गावाकडं शेव गोड करतात का?

आजी, इथं सगळं इतकं भराभर वाढतंय की पत्ता सांगताना अडखळायला होतं. गेल्या पाडव्याला खिडकीतून ज्वारी दिसायची, तिथं आता स्लॅब पडलाय. आमच्या गल्लीत खानदेशातले, परभणीचे, बीडचे, कुठकुठले लोक आलेत. सगळे दुष्काळाला कंटाळून आणि कारखान्याच्या आशेनं. सोमनाथना चिकलठाण्याला पाळीची नोकरी आहे तोवर आमचं बरं आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ह्याला मात्र मी रोज न्हाऊ घालते, केस जपायचे म्हणून.

तुला एक सांगायचं होतं. सांगू का नको असं करत होते. खाली घरमालकीण दमयंतीबाई राहतात. देशपांडे. त्यांची नात सावनी पाच महिन्यांची आहे. आप्पा दिवसभर तिथंच असायचा. तिचा पाळणा हलवायचा, आपल्या वेणीनं तिच्या पायाला गुदगुल्या करायचा. गेल्या आठवड्यात दमयंतीबाई मला म्हणाल्या, "सायली, राग मानू नकोस. पण ह्याला टोचून आणल्याशिवाय सावनीजवळ आणू नकोस गं. मागच्या गल्लीत गोवर निघालाय. आता त्याची पण लस आली आहे. आमचीला नऊ महिन्यांची झाल्याशिवाय देत नाहीत, तुझा तर केवढा मोठा आहे." मी वर येऊन रडले. माझं पोर काय घाण आहे का?

टोचायचं कसं, तूच सांग. जन्मला तेव्हा दवाखान्यात दंडावर एक टोचली, ती मला न विचारताच. त्यानंतर मी एकही टोचू दिली नाही. ना तीन महिन्यांची, ना नऊ महिन्यांची. तू लोखंड लावणार नाही म्हणून बोललीस, आणि सुई लोखंडाचीच असते. सोमनाथ चिडतात. म्हणतात, तुझी आजी आणि तिचा डोंगर. परवा टोचणाऱ्या सिस्टर घरोघर आल्या तेव्हा मी आतून कडी लावून बसले. तर हा आतून ओरडतोय, "कोण आलं? ये ना!"

सात वर्षांनी दिलंय तिनं, आजी. तिचा शब्द मोडून मला काही करायचं नाही. दाराला कडुलिंब बांधलाय. तू काळजी करू नकोस, तुझा नवस मी डोळ्यात तेल घालून राखतेय.

तुझी,
सायली

*

हिवरी
५ मार्च १९८७

सायले,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी ऐक.

कडुबानं पत्र वाचलं. नवसाच्या जागी आला तेव्हा म्हणलं थांब, मागं जा, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं तरी तेच. मग मी तांब्याभर पाणी प्याले. सध्या इथं असं पाणी कुणी पीत नाही.

अगं खुळे, नवस कोणाचा? माझा. मग त्याचा राखणदार तू कधी झालीस? मी लोखंड म्हणलं ते वस्तऱ्याला, कात्रीला. जावळाची गोष्ट चालली होती, दवाखान्याची नाही. नवसात मी 'तुझ्या पायाशी' म्हणलं, म्हणून तू काय पोराला तोवर देवीच्या पायाशी बसवून ठेवणार होतीस?

बरं, तुझ्यासारखं अक्षराला धरून चालू. मला सांग, पोराची नाळ कशानं कापली होती? दातानं? बोरूनं? कात्रीनंच ना? म्हणजे हे भुईवर आले त्याच घटकेला लोखंड लागलं. दंडावर टोचली ते दुसरं. नवस तुटायचा तर तेव्हाच दोनदा तुटला. मग डोंगरआईनं काय केलं? पोराला वाढवलं, बोलतं केलं, वेण्या घातल्या, कोण आलंय म्हणून ओरडायला शिकवलं. तिला रागच नाही आला आणि तू तिच्या वतीनं राग धरून बसलीस! (आजीबाई हे उभं राहून सांगत आहेत. – कडुबा)

आता दुसरं. तू चौथीत असताना विचारायचीस, आजी, आपल्याकडं लहान पोरांना मोठ्यांच्या फाटक्या लुगड्याची झबली का? माप घेऊन का शिवत नाही? मी म्हणायचे, रीत आहे. रीत अशी होती, की गोवर येऊन गेल्याशिवाय पोराच्या मापाचं कापड बेतायचं नाही. का, ते तुला नव्हतं सांगितलं. शिवलं आणि पोर राहिलं नाही, तर ते अंगडं कुणाला घालायचं? मला सहा झाली, चार राहिली. तुझ्या बापाच्या पाठची गोदी गोवरानं गेली. फुटाण्यासारखे डोळे होते. ताप उतरला, पुरळ सुकलं, आम्ही देवीची बोळवण सुद्धा केली, आणि मग तिच्या छातीत कफ धरला. तेव्हा ह्याच्यावर काही नव्हतं, सायले. कडुलिंब होता, राख होती, आणि पदर होता. असतं, तर मी डोंगर खांद्यावर घेऊन सोयगावला गेले असते.

आणि दमयंतीबाईंवर रडतेस? त्या बाईनं तुझ्या पोराला घाण नाही म्हणलं. तिची नात बिनकठड्याची विहीर आहे अजून. तिला सुई घेता येत नाही, तिच्याभोवतीच्यांनी घेतली तरच ती वाचेल. आपल्या शिवारात बांध कुणा एकाचा असतो का? एकानं आपल्या बाजूनं फोडला, की पाणी शेजाऱ्याच्या उभ्या पिकात जातं. आणि शेजारी नुसता बोलला तर तू वर जाऊन रडतेस. खाली जा, तिच्याकडं चहा पी, साखर जास्त घालायला सांग.

बुधवार का गुरुवार, जो असंल तो वार धर आणि टोचून ये. दाराचा कडुलिंब राहू दे, सावलीला बरा.

हा घे आशीर्वाद.

आवडाबाई (ठसा, जोरात उमटवला आहे, शाई पाठीमागं फुटली. – कडुबा)

*

मुकुंदवाडी
१४ मार्च १९८७

आजी,

तुझं पत्र चारदा वाचलं. गोदीआत्याचं मला कुणी कधी बोललं नव्हतं.

तू म्हणतेस ते डोक्याला पटतं गं. पायाला पटत नाही. बुधवारी आप्पाला घेऊन टोचायच्या केंद्रापर्यंत गेले. रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईचं बाळ रडलं, आणि मला वाटलं, आत्ता सुई लागली आणि आज काही झालं तर? परत आले. सोमनाथ तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. पोराशी बोलतात आणि मला ऐकवतात. "काय आप्पासाहेब, तुमच्या आईला दवाखान्याचा रस्ता सापडला का?"

आता पुढच्या गल्लीतही दोन घरांत गोवर आहे.

नाळेचं तू म्हणालीस ते खरं, पण ती मी कापली नव्हती. सुई मी माझ्या हातानं धरून देणार. आजी, नवस तुझा आहे ना? मग तू तिला विचार. तिनं हो म्हटलं, की त्याच बुधवारी जाते. शपथ.

सायली

*

हिवरी
२४ मार्च १९८७

चि. सायलीस आशीर्वाद.

गेले. विचारलं. डोंगरआई हो म्हणाली. एवढंच आहे, फार विचारू नको.

आता ऐक. आमच्या शाळेत नर्सबाई येतात, त्यांना मी थांबवून विचारलं. त्या म्हणाल्या, उशीर झाला तरी देता येतं, राहिलेल्या सगळ्या सांगून घ्या, आणि जे दोनदा-तीनदा घ्यायचं ते तेवढ्यांदा घ्या. सुईनंतर पोराला ताप येईल, मांडी दुखेल. तो राग नाही कुणाचा. अंग आतून शिकत असतं म्हणाल्या. शाळेत पहिल्या दिवशी तू सुद्धा तापली होतीस, मास्तरचा राग होता का तो? घाबरून भलतंसलतं करू नको. पाणी पाज, अंगावर घे, आणि दुसऱ्या दिवशी उतरला नाही तर डॉक्टर गाठ.

जावईबापूंना सांग, अबोला धरायचा तर जेवणाशी धरा, मग बघू किती दिवस टिकतो.

आणि हो, पुढच्या डब्यात गोड पाठवू नको. तिखट पाठव. दातांना गोड सोसंना झालंय.

आवडाबाई (ठसा)

सायलीताई, हे मी पाठीमागं लिहितोय. आजीबाईंना वाटतंय मी पत्ता घालतोय.

मंगळवारी त्या डोंगरावर गेल्या. मी सोबत होतो. टँकरचं एक लोटाभर पाणी नेलं होतं. ते मूर्तीवर घातलं आणि कौल लावला. फुलं कुठं आहेत सध्या? ज्वारीचे दाणे लावले दोन्ही खांद्यांना. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. पहिल्यांदा डावा पडला. त्या म्हणाल्या, "ऐकू नाही आलं वाटतं तुला." परत लावला. परत डावा. मी म्हणलं, आजीबाई, चला आता. त्या तिथंच बसल्या मांडी घालून. म्हणाल्या, "कुणासाठी मागतेय हेच तिला कळंना झालंय, मी नाव कुठं घेतलंय?" आणि मग घेतलं, ताई. चांगलं मोठ्यानं. "आप्पासाहेबासाठी मागतेय!" मी उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. पुढं म्हणाल्या, "लोखंडाची माझी बोली सोड. त्याच्या बदल्यात जावळ होईपर्यंत मी गोड सोडते. तुला ठाऊक आहे मी काय सोडतेय ते." तिसऱ्यांदा उजवा पडला. वारं होतं का नव्हतं ते मी बघितलं नाही.

दातांना काही झालेलं नाही. सकाळी त्यांनी गुळाचा खडा पोरांना वाटून टाकला आणि रिकामा डबा माझ्याकडं ठेवायला दिला, दिसायला नको म्हणून.

त्या विचारताहेत, पत्ता एवढा लांब कसा. थांबतो. – कडुबा

*

मुकुंदवाडी
१० मे १९८७

आजीला साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, आणि ह्या वेळी विसरले नव्हते. जिवाला चैन नव्हतं. क्रमानं सांगते.

एक एप्रिलला बुधवार होता. गेलो. सोमनाथ पाळी बदलून आले होते. पोराला मी मांडीवर घट्ट धरलं, डोळे मिटले आणि तुझं नाव घेतलं. देवीचं घ्यायचं सुचलंच नाही. तो रडला, मग सिस्टरनं त्याची वेणी ओढून "काय गं ताई" म्हटलं तर रागानं रडायचा थांबला. "मी दादा आहे!" सगळी रांग हसली. एका मांडीला एक, दंडाला एक, आणि तोंडात थेंब. गोवराची त्यातच झाली.

दुपारी ताप चढला. आजी, डोंगरआईची क्षमा मागायला बसले होते, इतक्यात तुझं पत्र आठवलं. पहिल्या दिवशी मीही तापले होते. पाणी पाजलं, अंगावर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला आणि चपाती मागितली. मी भिंतीला टेकून खूप वेळ नुसती त्याला खाताना बघत होते.

पुढचं ऐक. एप्रिल संपता संपता शेजारच्या हिमांशूला गोवर निघाला. चार वर्षांचा. त्यांची जळगावहून बदली झाली, सामानाच्या गडबडीत त्याची ती सुई राहून गेली होती, उद्या देऊ परवा देऊ असं. पुरळ दिसायच्या आदल्या दिवशीपर्यंत आप्पा त्याच्याच घरी होता. एका पेल्यातून सरबत प्यायलेत दोघं. मी मोजत नव्हते म्हणते, पण रोज सकाळी उठून त्याचा शर्ट वर करून पाठ बघायची. कान बघायचे. डोळे लाल आहेत का बघायचे. हिमांशूच्या छातीत कफ झाला. घाटी दवाखान्यात ठेवलं होतं त्याला, ऑक्सिजन लावला होता. त्याची आई जिन्यात बसून मला म्हणाली, "एक सुई होती हो. एकच तर होती." मला गोदीआत्या आठवली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

तो परवा घरी आला. काडी झालाय, पण हसतो. आप्पाला काही म्हणजे काही झालं नाही.

आणि खाली सावनी सुद्धा धडधाकट आहे. काल दमयंतीबाई स्वतः वर आल्या, सावनीला माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दोन महिने तुझ्या पोराला दारातून परत पाठवलं. त्यानं माझ्या नातीला राखलं." मी म्हटलं, मी नाही, माझ्या आजीनं. त्यांनी विचारलं, कुठं असते आजी? म्हटलं, डोंगराच्या पायथ्याला. सध्या तिखट खाते.

दुसऱ्या वेळच्या सुईला मी एकटी जाऊन आले. पायांना रस्ता पाठ झालाय. तिसरी जूनच्या सुरुवातीला आहे.

जावळाचं काय ठरलं? लवकर ठरव, आजी. फार लवकर ठरव. केस काढायची मला एवढी घाई कधी नव्हती. आणि त्या दिवशी तुझ्यासाठी काय आणायचं ते तुझ्या तोंडून कळव, म्हणजे माझी चूक व्हायची नाही.

तुझी सायली

ता.क. कडुबादादांना माझा नमस्कार. त्यांनी पत्ता फार छान लिहिला होता.

*

हिवरी
२० मे १९८७

चि. सौ. सायलीस आणि आमच्या ह्यांना अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकलं. हिमांशूच्या आईपाशी बसलीस ते बरं केलंस. त्या बाईला उद्या कुणी बोल लावला तर तूच आडवी हो. तिच्या जागी तू असतीस, दोन दाण्यांचा फरक होता.

तुझं पत्र वाचताना कडुबा शेवटाला एका ओळीवर अडखळला आणि ती ओळ गिळून पुढं गेला. 'तिखट खाते' म्हणताना बी आवाज बदलला त्याचा. एवढा लांब पत्ता आख्ख्या औरंगाबादेत कुणाचा नसंल हे मला तेव्हाच कळलं होतं. आता तो हे लिहिताना मान खाली घालून बसलाय. लिही, लिही. (लिहितोय. – कडुबा)

जावळाचं ठरलं. पावसाची वाट बघत बसले तर ह्यांच्या वेण्या गुडघ्याला येतील. मंगळवारी पुन्हा डोंगरावर गेले. म्हणलं, बाई, तुझ्या कुंडाचं पाणी मी बोलले होते, कुंड तर तूच कोरडं ठेवलंस. तू बी दोन वर्षं टँकरचंच पितेस. तेव्हा कुंडात दोन घागरी टँकरचं पाणी ओतणार, ते कुंडात पडलं की कुंडाचंच झालं. कौल लावला नाही. कशाला तिला दर वेळी त्रास? तुझा बाप म्हणाला, असं चालतं का? मी म्हणलं, नातीच्या, लेकीसुनांच्या पोरांचं सगळं चालतं, देवाला घरच्यांसारखं सांगावं लागतं. सरपंच एक खेप टँकर डोंगराच्या पायथ्याला वळवतो म्हणालाय. त्याच दिवशी नर्सबाई बी येणार आहेत. जावळाला येणाऱ्या बायका पोरं घेऊन येतात, घरोघर हिंडण्यापेक्षा इथं बसा म्हणलं. माझ्या ओळखीच्या चार जणी अजून कडी लावून बसतात. त्यांना मी जेवायला बोलावलंय. जेवायला आलेली बाई कडी कुठं लावणार?

वटपौर्णिमा झाली की पहिला मंगळवार. तिसरी सुई त्याच्या आधी होते का बघ. नसंल होत तर इथं घे. रामकिसनच्या मांडीवर हे बसतील. कडुबानं वस्तरा दोनदा परजलाय, तिसऱ्यांदा परजला तर पातं उरायचं नाही.

दमयंतीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या सावनीला नऊ महिने आषाढात पुरे होतील, हे मी इथं बसून बोटांवर मोजलंय. शिकलेली माणसं असली तरी विसरतात, घरात माझंच उदाहरण आहे. तू आठवण कर. आणि तिला घेऊन तुझा पोरगा सोबत जाऊ दे, सुईचा अनुभव त्याला जास्त आहे.

एक काम आहे. दोरा घेऊन ह्यांची छाती, खांदा आणि उंची माप आणि तो दोरा पाकिटात घालून पाठव. सोयगावच्या बाजारातून पिवळं कापड आणलंय. ह्या घरात पहिल्यांदाच लहान पोराच्या मापाचा अंगरखा बेतते आहे. जरा सैल ठेवीन, पुढच्या साली बी झाला पाहिजे.

आता खाण्याचं, नीट ऐक, आणि कागदावर लिहून जावईबापूंच्या खिशात ठेव, तुझ्या डोक्यात नको. जिलबी आण. क्रांती चौकातल्या हलवायाकडची. त्याच सकाळी काढलेली, पाकात चांगली बुडालेली, मऊ, तीन दातांना झेपंल अशी. वाटेत कुणाला द्यायची नाही, ह्यांना बी नाही. कडुबासाठी वेगळी पुडी बांध, म्हणजे माझ्या डब्यापाशी फिरकायचा नाही. वस्तरा खाली ठेवला की पहिलं वेटोळं माझ्या तोंडात. आणि डब्यावर नाव घाल, सायले. शेव निघाली तर मी तुला ओळखणार नाही.

आवडाबाई (ठसा)